वास्तववाद आणि धुरंधरांचीं कार्डें

छायाप्रकाश हुबेहूब साधला कीं चित्र 'वास्तववादी' झालें, असा समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः तें केवळ आपल्या षडंगांतील 'सादृश्य' होय. फ्रान्सांत गुस्ताव कूर्बे यानें १८५५ सालीं स्वतंत्र मंडप उभारून त्यावर वास्तववादाची पाटी लाविली, तेव्हां त्याचा रोख विषयावर होता. सादृश्य तर त्याचे प्रतिपक्षीही साधीत. देवदेवतांस व राजेरजवाड्यांस शोभणाऱ्या भव्य पटावर त्यानें १८४९ मध्येंच खडी फोडणारे मजूर रंगविले होते.

या कसोटीस राजा रविवर्मा यांचीं पौराणिक चित्रें उतरत नाहींत. त्यांची थोरवी निराळी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकून तेथेंच अध्यापक झालेले महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७-१९४४) यांनीं पौराणिक चित्रें काढिलींच. परंतु पोस्टकार्डांसाठीं मुंबईंतील नित्याचीं माणसेंही रेखाटिलीं. कूर्बेचा आवेश तींत नाहीं, किंचित् विनोदच आहे. तरी विषय तोच.

येथें भिवंडीस आम्हीं पाहिलेल्या संग्रहांत रविवर्म्यांचे छाप चौकटींत जपलेले, आणि कार्डांचे कोपरे मात्र तिकिटांसाठीं कापलेले! टपालाच्या शिक्क्यावरून कार्डाचा काळ ठरतो. पोथ्यांच्या रुमालांत अशीं कार्डें आढळल्यास संग्राहकांनीं तीं मागील मजकुरासह अखंड ठेवावीं.