मी, आम्ही, आपण : बंदिवासातून सुटलेल्या स्त्रियांचे कथन

प्रास्ताविक

आत्मचरित्राचा विचार करताना आपण 'मी'च्या कथनाचे स्वरूप पाहिले. काही अनुभव मात्र एकट्या 'मी'ला पेलत नाहीत. दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या देशातील राजबंदी स्त्रियांच्या कथनाच्या आधारे ही बाब समजून घेऊ.

पार्श्वभूमी

उरुग्वेमध्ये १९७३ ते १९८५ या काळात हुकूमशाही राजवट होती. माँटेव्हिडिओ या राजधानीजवळच्या पुंता दे रिएलेस येथील लष्करी तुरुंगात शेकडो स्त्रिया डांबल्या गेल्या. १९८५ मध्ये लोकशाही परतली आणि राजबंद्यांची सुटका झाली; परंतु अनेकींचे मौन पुढे दीर्घकाळ टिकले.

मौनाचा अर्थ

हे मौन म्हणजे केवळ भीती नव्हे. चौकशीच्या खोलीत 'बोल' हा छळ करणाऱ्याचा हुकूम होता. तेथे बोलणे म्हणजे सोबतिणींना धोक्यात घालणे. जे मौन तेथे कवच होते, तेच बाहेर आल्यावर ओझे झाले. म्हणून काय, केव्हा, कोणाला सांगायचे आणि काय सांगायचे नाही, हे ठरविण्याचा अधिकार सांगणारीच्या हाती परत येणे ही बरे होण्याची पहिली अट ठरते.

सामूहिक कथन

१९९० च्या दशकाच्या अखेरीस काही माजी राजबंदी स्त्रिया एकत्र आल्या. हुकूमशाही अनुभवलेल्या सर्व स्त्रियांना त्यांनी लिहिण्याचे आवाहन केले. तीनशेहून अधिक निवेदने जमली. त्यांतून 'मेमोरिया पारा आर्मार', म्हणजे 'जुळवायची स्मृती', या ग्रंथाचे तीन खंड २००१ पासून प्रसिद्ध झाले. शीर्षक अन्वर्थक आहे. आघाताची स्मृती सलग नसते. आवाज, वास, स्पर्श अशा तुकड्यांनी ती वर्तमानात घुसत राहते. ऐकणारीसमोर तिची कथा रचली जाते, तेव्हा 'घडते आहे' याचे 'घडले होते' असे रूपांतर होऊ लागते.

सर्वनामांचा प्रवास

जी लाज एकटीची वाटत होती, ती दुसरीच्याही कथेत आढळली की दोष स्वतःकडून राजवटीकडे सरकतो. 'मी'चे 'आम्ही' होते ते येथे. मराठीत 'मी गेले' यात स्त्री दिसते, 'आम्ही गेलो' यात दिसत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र केवळ स्त्रियांचा 'आम्ही' दर्शविणारे 'नोसोत्रास' हे सर्वनाम आहे. उलट, ऐकणाऱ्याला सामावून घेणारे 'आपण' मराठीत आहे. स्पॅनिशमध्ये असा भेद नाही.

सर्वांत अवघड गोष्ट सर्वांत उशिरा उच्चारली गेली. २०११ मध्ये अठ्ठावीस स्त्रियांनी कैदेतील लैंगिक अत्याचारांविरुद्ध एकत्रितपणे फौजदारी तक्रार दाखल केली. सांगितल्याने वेदना पुसली जात नाही. ती एकटीची मात्र राहत नाही. या कथनाचा वाचक 'आम्ही'च्या बाहेर उभा राहतो की 'आपण'मध्ये येतो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

स्वाध्याय

१. बंदिवासातील मौन आणि सुटकेनंतरचे मौन यांतील फरक स्पष्ट करा.
२. 'आम्ही' व 'आपण' यांतील भेद सामूहिक आत्मकथनाच्या संदर्भात सोदाहरण सांगा.