पुष्कळ यंत्रें, एक काम

झाडीपट्टीच्या नाटकांचीं आणि घरोघरच्या लग्नसोहळ्यांचीं कितीतरी चित्रणें अद्यापि चुंबकीय फितींवर पडून आहेत. दमट हवेनें फीत बुरसते. ती जाण्यापूर्वीं तिची डिजिटल प्रत करून ठेवणें अगत्याचें आहे. एका तासाची फीत वाचण्यास तासच लागतो. तेथें शंभर संगणकहि घाई करूं शकत नाहींत. परंतु पुढील काम, म्हणजे डाग काढणें आणि चित्रणाचें संकोचन करणें, हें मात्र वांटून घेतां येतें.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ मध्यें सिद्ध केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक याच तत्त्वावर चाले: अनेक लहान प्रोसेसर, प्रत्येकाची स्मृति स्वतंत्र, आणि परस्परांस निरोप पाठवून काम पुरें करावयाचें. त्या कार्याचे प्रमुख डॉ. विजय भटकर यांचें अभियांत्रिकीचें शिक्षण नागपुरासच झालें. पुढें १९९४ मध्यें अमेरिकेंत ‘नासा’च्या शास्त्रज्ञांनीं बाजारांतील साधे १६ संगणक जोडून ‘बेओवुल्फ’ संच केला, तेव्हां हा मार्ग लहान संस्थांच्याहि आवाक्यांत आला.

मांडणी अशी. एक संगणक मुकादम. मूळ चित्रणें व कामाची यादी त्याच्यापाशीं. बाकीचे तारेनें एकाच स्विचला जोडावे, आणि सर्वांवर ‘एफएफएमपेग’ या प्रणालीची एकच आवृत्ति असावी. मुकादमानें दोन-दोन मिनिटांचे तुकडे द्यावे. ज्याचा संपेल त्यानें दुसरा मागावा. आरंभींच सारखे वांटे घातल्यास सर्वांत मंद यंत्रासाठीं सारे खोळंबतात.

तुकडा कोठें पाडावा, यांतच खरी मेख आहे. संकोचित चित्रणांत एक चित्र पूर्ण असतें, आणि पुढील चित्रांत केवळ बदललेला भाग नोंदलेला असतो. भलतीकडे तोडल्यास पुढचीं चित्रें निराधार होतात. म्हणून तोड पूर्ण चित्रापाशींच हवी. (मिनी-डीव्ही फितीवर प्रत्येक चित्र पूर्णच असतें, ही मोठीच सोय.) ध्वनि मात्र तोडूंच नये. तो एकाच यंत्रावर अखंड तयार करून शेवटीं जोडावा, नाहींतर सांध्यांवर खटके येतात आणि गाणें ओठांच्या मागें पडतें.

अशा तासाभराच्या फितीचें चित्रण सुमारें १३ गिगाबाइट भरतें. शंभर मेगाबिटांच्या जुन्या स्विचमधून तें जाण्यास सतरा-अठरा मिनिटें लागतात, हजार मेगाबिटांच्या स्विचमधून दोनच. पैसे थोडे असतील तर आधीं स्विच बदलावा, मग यंत्रें वाढवावीं. तीं तरी किती? जीन अम्डाल यांनीं १९६७ मध्यें मांडलेल्या नियमाप्रमाणें, कामाचा दशांश अविभाज्य असेल तर दहा यंत्रांनींहि वेग सव्वापांचपटच होतो.

नागपुरास आणखी एक अडचण आहे. मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर गेला कीं तापलेला संगणक आपण होऊन मंदावतो. कूलरची ओलसर हवा त्यावर सोडूं नये. ती फितींनाहि घातकच. वातानुकूलित खोली नसेल तर यंत्रें रात्रीं चालवावीं, आणि फिती दुसऱ्या, कोरड्या खोलींत ठेवाव्या.