साडेअठ्ठावीस ते एकतीस : जुन्या जीपच्या चाकांचा मागोवा

तालुक्याच्या गावात टायरच्या दुकानात ‘सहा-सोळा’ मागितला, तर दुकानदार बहुधा ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा टायर काढून ठेवतो. जुन्या जीपचा मालक तो टायर बघतो, बोटाने त्याच्या तीन उभ्या रेघा चाचपतो आणि परत द्यायला सांगतो. ६.००-१६ हे माप दोन्ही वाहनांचं एकच आहे, पण काम वेगळं आहे. ट्रॅक्टरचं पुढचं चाक कमी वेगात, ढेकळांतून दिशा धरून ठेवण्यासाठी असतं. जीपच्या पुढच्या चाकाला मात्र ओढायचंही असतं, ब्रेकही झेलायचा असतो आणि डांबरी रस्त्यावर पळायचंही असतं. तरीही हे माप आज गावोगाव ओळखीचं आहे, ही जुन्या जीपची मोठीच सोय म्हणायला हवी. तिच्या चाकांची गोष्ट याच मापापासून सुरू होते.

१९४१ मध्ये विलीज एमबी अमेरिकन सैन्यात दाखल झाली, तेव्हा तिच्या चाकांवर ६.००-१६ हेच टायर होते. त्यांची उंची सुमारे साडेअठ्ठावीस इंच. नक्षी जाड ठोकळ्यांची, पुढे जाताना आणि मागे येताना सारखीच पकड देणारी. युद्धात या जीपला साडेचार इंच रुंदीची, दोन भाग बोल्टने जोडलेली रिम मिळाली. त्यांच्या आतल्या कड्यामुळे टायरची कड रिमवर घट्ट दाबून राहायची आणि हवा गेली तरी गाडी काही अंतर रेटता यायची. रिम पाच बोल्टांचं, बोल्टांचं वर्तुळ साडेपाच इंचांचं. हे वर्तुळ पुढे इतकं टिकलं, की १९८५ मध्ये भारतात आलेल्या मारुती जिप्सीच्या रिमचंही तेच निघालं.

अरुंद टायर हा त्या काळच्या अभियंत्यांचा नाइलाज नव्हता. जीपचं वजन सुमारे ११०० किलो, इंजिन २.२ लिटरचं आणि ताकद ६० अश्वशक्ती. ब्रेकचे ड्रम अवघे नऊ इंचांचे. एक्सलमधल्या गिअरचं प्रमाण ४.८८. टायरची उंची, गिअर, ब्रेक आणि पाट्यांची ताकद यांचं गणित एकत्र मांडलेलं होतं. पाट्यांचा विचार तर इतका बारीक होता, की पुढचा डावा आणि उजवा पाटा सारख्या ताकदीचे नव्हते, कारण गाडीचं ओझं दोन्ही बाजूंना सारखं पडत नव्हतं. भंगारातून मिळेल तो पाटा उचलून बसवणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेलं बरं.

युद्ध संपताच १९४५ मध्ये सीजे-२ए आली. ती शेतकऱ्याला विकायची होती, नांगर ओढायची होती. कंपनीने एक्सलचं प्रमाण ५.३८ केलं आणि टायर मात्र ६.००-१६ च ठेवला. जास्त ओढ हवी होती म्हणून त्यांनी गिअर बदलला, चाक वाढवलं नाही. पुढच्या ऐंशी वर्षांत ज्यांनी जुन्या जीपवर मोठी चाकं चढवली, त्यांनी नेमकी हीच ओढ परत देऊन टाकली.

भारतात ही जीप मुंबईच्या वाटेने आली. १९४९ मध्ये माझगावला महिंद्राने सुट्या भागांतून विलीज जीप जोडायला सुरुवात केली. टायरसाठी बाहेर बघायची फारशी गरज नव्हती : शिवडीला फायरस्टोनचा कारखाना होता, बंगालमध्ये साहागंजला डनलपचा आणि पुढे भांडुपला सिएट उभी राहिली. अमेरिकेत सीजे-३बीचं उत्पादन १९५३ ते १९६८ एवढंच चाललं. महिंद्राने तिचा उंच बॉनेट आणि सपाट मडगार्डांचा घाट त्यानंतरही अनेक वर्षं जिवंत ठेवला. पाटबंधारे खात्याचा अभियंता, वनाधिकारी, पोलीस निरीक्षक, साखर कारखान्याचा चेअरमन, सगळे त्याच अरुंद चाकांवर महाराष्ट्राच्या कच्च्या रस्त्यांवरून फिरले.

त्या काळात उंची वाढवण्याचा विचार वेगळ्या कारणाने येई. माणसं आणि पोती भरून भरून पाट्यांची कमान उतरायची, गाडी मागून बसायची. मग मालक ती कमान पाटेवाल्याकडे न्यायचा. तो पाटे सुटे करी, त्यांना पुन्हा कमान देई, तुटलेला पाटा बदली आणि गरज पडल्यास एक जादा घाली. यातून गाडी उचलली जाई, पण ती मुळात जिथे होती तिथवरच. आज जुनी जीप घेणाऱ्याने सर्वांत आधी हेच काम करावं. बुश बदलले, शॅकलच्या पिना नव्या घातल्या, गंजून एकमेकांना चिकटलेले पाटे मोकळे केले, की इंच-दीड इंच सहज परत मिळतो. शिवाय खड्ड्यांत गाडी आदळायची थांबते. अनेकांना एवढ्यावरच कळतं, की आपल्याला जी ‘लिफ्ट’ हवी होती ती खरं म्हणजे गाडीची हरवलेली उंची होती.

अमेरिकेत तोवर हवा बदलली होती. वाळवंटात आणि खडकांत हौसेने जीप चालवणाऱ्यांना रुंद टायर हवे होते, कारण वाळूवर रुंद टायर तरंगतो आणि अरुंद रुततो. १९७६ मध्ये बीएफगुडरिचने ऑल-टेरेन टी/ए हा रेडियल टायर बाजारात आणला. हायवेवर शांत चालणारा आणि रानातही पकड देणारा हा टायर पुढे या छंदाची ओळखच झाला. भारतात मात्र बराच काळ जीपला नायलॉनचाच टायर राहिला. जाड बाजूंचा, ओझ्याला दमदार, दगडाला न जुमानणारा. पण सकाळी गाडी काढली की पहिली काही मिनिटं धडधडणारा, कारण रात्रभर उभं राहून तो खालून चपटा झालेला असायचा.

ऐंशीच्या दशकात प्यूजोच्या डिझेल इंजिनाची आणि ९१ इंच व्हीलबेसची महिंद्राची एमएम ५४० आली. पुढे आयात खुली झाली तशी ३१×१०.५० आर १५ ही अक्षरं भारतीय मिस्त्रीच्या तोंडी बसली. ‘एकतीस टाका’ असं मालक म्हणू लागले. हरियाणातल्या मंडी डबवालीत जीप नव्याने सजवण्याचा मोठा धंदा उभा राहिला आणि तिथल्या रुंद चाकांच्या, उचललेल्या जीप देशभर जाऊ लागल्या. ऑगस्ट २०१४ मध्ये मूळच्या मलेशियातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज स्पर्धेची पहिली भारतीय फेरी गोव्याच्या भर पावसात झाली. तिथल्या चिखलात विंचने ओढल्या जाणाऱ्या, उंचच उंच टायरच्या गाड्या बघून अनेकांना आपली घरची सीजे-३बी अगदीच बुटकी वाटली असेल.

पण स्पर्धेची गाडी आणि रविवारी मुळशीच्या बाजूला काढायची जुनी जीप यांच्या गरजा एक नाहीत. हे समजायला आकडे बघावेत. साडेअठ्ठावीसच्या जागी एकतीस इंचांचा टायर आला, की एक्सलचा गोळा जमिनीपासून फक्त सव्वा इंच वर जातो, कारण वाढलेल्या व्यासाचा निम्माच भाग खाली येतो. त्या बदल्यात गिअरची ओढ सुमारे ८ टक्क्यांनी घटते आणि ५.३८ चा एक्सल ४.९५ असल्यासारखा वागतो. स्पीडोमीटर ५० दाखवतो तेव्हा गाडी ५४ ने धावत असते. नऊ इंचांच्या ड्रमला तेच वजन जास्त मोठ्या चाकावरून थांबवावं लागतं. साडेदहा इंच रुंद टायरला निदान सात इंचांचं रिम लागतं. तसं रिम बहुधा बाहेरच्या बाजूला सरकलेलं असतं, त्यामुळे किंगपिनच्या बेअरिंगवर ताण वाढतो आणि स्टीअरिंग जड होतं. पूर्ण वळवल्यावर टायर पाट्याला घासतो, तेव्हा स्टॉपर वाढवावा लागतो आणि गाडी वळायला जास्त जागा मागते.

लिफ्टचंही असंच आहे. पाटे उंच केल्याने एक्सल तसूभरही वर जात नाही. वर जाते ती बॉडी आणि चासी. म्हणजे लिफ्टने टायरला जागा मिळते, चढ-उताराच्या कडांवर पोट घासायचं टळतं, एवढंच. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे लांब शॅकल. दोन इंच जास्त लांबीच्या शॅकलने जेमतेम एक इंच उंची मिळते. या जीपच्या पुढच्या पाट्यांचे शॅकल समोरच्या टोकाला असतात. ते टोक खाली गेलं, की एक्सल पुढे झुकतो आणि मूळचा तीन अंशांचा कॅस्टर कमी होतो. मग हायवेवर गाडी एका रेषेत राहत नाही आणि एखाद्या खड्ड्यानंतर स्टीअरिंग थडथडायला लागतं. जाणता मिस्त्री अशा वेळी पाट्याखाली पाचर घालून कोन परत आणतो. मागच्या बाजूला प्रॉपेलर शाफ्ट आखूड असल्यामुळे त्याचा कोन चटकन वाढतो आणि क्रॉस लवकर जातात. एक्सलखालचे पाटे एक्सलवर घेण्याची तऱ्हाही बऱ्याच गाड्यांवर झाली. त्यातून उंची एकदम मिळते, पण शाफ्ट, स्टीअरिंगचे रॉड आणि ब्रेकचे होज सगळंच नव्याने जुळवावं लागतं.

म्हणूनच जुन्या मालकांचा अनुभव फिरून फिरून मधल्या मापांवर येऊन थांबला. मूळ रूप जपायचं असेल, तर ठोकळ्यांच्या नक्षीचा ६.००-१६. थोडा अंगाने भरलेला हवा असेल, तर सुमारे साडेतीस इंचांचा ७.००-१६; पण तो घेण्याआधी जुन्या अरुंद रिमची रुंदी मोजून बघावी. रेडियलचं सुख हवं असेल, तर सहा-सात इंचांच्या १५ च्या रिमवर २३५/७५ आर १५. त्याचा व्यास हिशेबाने २८.९ इंच येतो, म्हणजे गिअर आणि ब्रेकचं मूळ गणित जवळजवळ तसंच राहतं. जिप्सीचं रिम बोल्टांना जुळलं, तरी हबचं भोक आणि नटाचा उतार तपासूनच बसवावं. चाक काढताना आणखी एक गोष्ट : डाव्या बाजूच्या चाकांचे नट अनेक जुन्या जीपवर उलट आट्यांचे असतात. हे माहीत नसलेल्या हातांनी कितीतरी स्टड तुटले आहेत.

सह्याद्रीच्या पावसात अरुंद टायर आजही लाज राखतो. घाटातल्या वाटांवर लाल चिखलाच्या थराखाली बहुतेक ठिकाणी खडक असतो. अरुंद टायर चिखल कापून त्या कठीण थरापर्यंत पोहोचतो. देशावरच्या काळ्या मातीत मात्र असा तळ लागतोच असं नाही. तिथे रुंद टायर बरा आणि चिखल झटकणारी खोल नक्षी त्याहून बरी.

महिंद्रा कंपनीनेही मोठ्या चाकाची घाई केली नाही. २०१० मध्ये आलेल्या थारच्या वरच्या मॉडेलला २३५/७० आर १६ टायर होता. त्याची उंचीही २८.९ इंचांच्या आसपास, म्हणजे १९४१ च्या जीपच्या बोटभरही पुढे नाही. एकतीस इंच कारखान्यातून यायला २०२० उजाडलं, २५५/६५ आर १८ च्या रूपात. पण त्या गाडीला इंजिन, ब्रेक, स्टीअरिंग, स्प्रिंग हे सगळंच नव्याने मिळालं होतं. हौशी मंडळींनी फक्त चाक बदलून जे मिळवू पाहिलं, त्यासाठी कंपनीला गाडीच नवी आखावी लागली.

या सगळ्यावर अलीकडे कायद्याचीही बाजू आली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला : नोंदणीत असलेल्या, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल वाहनात करता येत नाहीत. जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेलं, मूळ रूपात राखलेलं खासगी वाहन २०,००० रुपये शुल्क भरून ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकावर नोंदवता येतं. १९७६ साली नोंदलेली सीजे-३बी २०२६ मध्ये या वयात येते आणि दर वर्षी आणखी काही जीप या रांगेत उभ्या राहतील. त्यांच्या मालकांसाठी आता निवडीची कसोटी सोपी झाली आहे. पाचर, शॅकल आणि १५ ची रिम एका दिवसात बोल्ट सोडून काढता येतात. चासीवर वेल्डिंग केलेला ब्रॅकेट आणि मोठ्या टायरसाठी कापलेलं मडगार्ड पूर्ववत करायला गॅरेजमध्ये महिने जातात. म्हणून पाचही मूळ रिम घासून, रंगवून जपून ठेवावीत आणि पाटे पाटेवाल्याकडे देताना त्यांचे जुने क्लिप आणि सेंटर बोल्ट परत मागून घ्यावेत.