ईदची वाटी आणि भाभींचे पोट
आमच्या भाभींची वजन घटवण्याची बायपास शस्त्रक्रिया होऊन ६ वर्षे झाली. वजन उतरले, मधुमेह आटोक्यात आला. पण शीरखुर्म्याचे चार चमचे पोटात गेले की १५ मिनिटांत घाम, धडधड, मुरडा, जुलाब. पाहुण्यांना ते नखरे वाटतात. सुरुवातीला आग्रह आम्हीही केलाच!

जठराची उरलेली पिशवी लहानशी. गोड भरभर आतड्यात उतरते आणि तिथे पाणी ओढून घेते. डॉक्टर याला डम्पिंग म्हणतात. आता आधी अंडे किंवा मासळी, घास छोटे, पाणी अर्ध्या तासाने. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या कायमच्या.

डॉक्टरांनी रोजे मना केले तेव्हा भाभी रडल्या. आजाऱ्याला सवलत कुरआननेच दिली आहे, हे मौलानांकडून ऐकल्यावरच त्या सावरल्या. यंदा फिदया दिला. इफ्तारला त्या दस्तरखानावर आमच्या शेजारीच बसतात. खजुरांची बशी मात्र पुढे सरकवतात.