नाव तिचं, मान राजाचा

नवं पातेलं घेतलं की दुकानातच आपण त्यावर नाव घालून घेतो. आयुष्यभर ते घासायचं आपण, पण नाव बहुतेक वेळा ‘ह्यांचं’ नाहीतर सासऱ्यांचं! मैत्रिणींनो, इजिप्तमधल्या एका राणीची गोष्ट याहून गमतीची आहे. तिच्या थडग्यापाशी नाव तिचंच कोरलेलं होतं, पण वाचणाऱ्यांनी ते पुरुषाचं ठरवून टाकलं.

नाईल नदीच्या पश्चिमेला अबिडॉस नावाचं ठिकाण आहे. इजिप्तच्या पहिल्या राजघराण्याची दफनभूमी इथल्या वाळवंटात आहे. सन १९०० मध्ये इंग्रज संशोधक फ्लिंडर्स पेट्री यांना तिथे एक भलंमोठं थडगं सापडलं. जवळच एक उंच, कोरीव दगडी शिळा होती. तिच्यावर नाव होतं ‘मेरनीथ’. एवढं मोठं थडगं, तेही राजांच्या रांगेत! म्हणजे हा कुणीतरी राजाच असणार, असं पेट्रींनी मानलं.

पण ‘मेरनीथ’ म्हणजे नीथ देवीची लाडकी. या देवीची खूण म्हणजे एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन बाण. तीच खूण या शिळेवर आहे. शिवाय राजाचं नाव कोरताना भोवती राजवाड्याची चौकट आणि वर ससाणा काढायची रीत होती. इथे ती चौकट नाही. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आलं, अहो, ही तर बाई आहे!

१९८५ मध्ये शेजारच्याच डेन राजाच्या थडग्यात जर्मन संशोधकांना मातीवरचे शिक्क्यांचे ठसे मिळाले. त्यांवर ओळीने राजांची नावं होती आणि त्यांच्याबरोबर ‘राजमाता मेरनीथ’! डेन लहान असताना कारभार तिनेच सांभाळला असावा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

२०२३ मध्ये तर आणखी नवल घडलं. व्हिएन्ना विद्यापीठाच्या क्रिस्टियाना कोहलर यांच्या पथकाला तिच्या थडग्यात मद्याचे शेकडो रांजण मिळाले. त्यांतल्या काहींची तोंडं पाच हजार वर्षांनंतरही बंदच होती! आत द्राक्षांच्या बियासुद्धा टिकून होत्या. तिथल्या लेखांवरून कळलं, की राज्याच्या खजिन्यासारखी महत्त्वाची खाती तिच्या हाताखाली होती. तिच्याभोवती ४१ सेवक आणि दरबारी पुरलेले आहेत. त्या दफनभूमीत असं स्वतःचं भव्य थडगं असलेली ही एकटीच स्त्री.

राज्य चालवलं, खजिना सांभाळला, दगडावर नावही कोरलं गेलं. तरी ‘एवढं मोठं काम बाईचं कसं असेल?’ हा प्रश्न आड आलाच. दगड खोटं बोलत नव्हता, वाचणाऱ्यांची नजर अपुरी होती.

तेव्हा पुढच्या वेळी भांड्यावर नाव घालताना दुकानदाराने विचारलं, “ताई, नाव काय टाकू?” तर क्षणभर थांबा. आणि आपलं नाव सांगा.