वनस्पतिजन्य तेले व शेतावशेषांपासून इंधन आणि वस्तुनिर्मिती : पोहरादेवी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. येथील शेती मुख्यत्वे पावसावर अवलंबून असून सोयाबीन, कापूस व तूर ही प्रमुख पिके होत. वनस्पतींपासून इंधन मिळते हे सर्वज्ञात आहे. तथापि ते कोणत्या वनस्पतीपासून घ्यावे, हा प्रश्न कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

तेलापासून इंधन :
१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. परंतु वनस्पती तेल डिझेलपेक्षा कितीतरी दाट असल्याने ते नीट फवारले जात नाही व इंजिनात काजळी साचते. म्हणून सोडियम हायड्रॉक्साइडसारख्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्याची मेथॅनॉलशी अभिक्रिया घडवितात. १०० किलो तेल व सुमारे ११ किलो मेथॅनॉल यांपासून जवळपास १०० किलो बायोडिझेल आणि १० किलोच्या आसपास ग्लिसरीन मिळते. करंजाच्या तेलात मुक्त मेदाम्ले अधिक असल्यास साबण तयार होतो. तेव्हा आधी आम्लाची प्रक्रिया करावी लागते.

मोगली एरंडाचा अनुभव :
२००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाच्या (जट्रोफा) लागवडीची शिफारस केली. पडीक जमिनीवर अल्प पाण्यात भरपूर बी येईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात झाड तग धरते, परंतु पाणी व खताविना पुरेसे बी देत नाही, असा अनुभव आला. २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणातील २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट बायोडिझेलच्या बाबतीत साध्य झाले नाही. २०१८ च्या धोरणाने ते २०३० पर्यंत ५ टक्के इतके ठेवले.

सोयाबीन तेलाचा प्रश्न :
सोयाबीनमध्ये १८ ते २० टक्के तेल असते. हेक्टरी १० क्विंटल उत्पादन धरले तरी तेल जेमतेम दोन क्विंटल मिळेल. देश खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीतून भागवीत असताना हे तेल इंजिनात जाळणे उचित ठरत नाही. तेलापासून इंधनापेक्षा अधिक मोलाच्या वस्तूही होतात. सोयाबीन तेलापासून प्लॅस्टिक मऊ करणारे द्रव्य, एरंडेलापासून नायलॉन-११ व विदर्भाच्या परिचयाच्या जवसाच्या तेलापासून रंग आणि लिनोलियम तयार करतात.

पऱ्हाटीचे मोल :
कापसाच्या एका हेक्टरातून साधारण २ ते ३ टन पऱ्हाटी निघते, म्हणजे वरील तेलाच्या दहापटीहून अधिक वजन. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनविण्याचे तंत्र विकसित केले आहे. तिचे तुकडे दाबून इंधनाच्या कांड्याही करता येतात. हंगाम संपताच पऱ्हाटी शेतातून हलविल्यास गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव रोखण्यास मदत होते. मात्र हीच पऱ्हाटी व तुराटी गावात व तांड्यांवर चुलीचे सरपण आहे. ती सर्वच कारखान्याकडे गेली, तर सरपणासाठी स्त्रियांची पायपीट वाढेल.

निष्कर्ष :
१. खाद्यतेलाऐवजी करंजासारख्या अखाद्य बियांचा व तळणीच्या वापरलेल्या तेलाचा इंधनासाठी विचार व्हावा. रामनवमीच्या यात्राकाळात असे तेल गोळा करणे शक्य आहे.
२. नव्या पिकाच्या लागवडीपूर्वी त्याचे कोरडवाहू जमिनीतील उत्पादन तपासावे.
३. घरगुती सरपण वगळून उरलेलीच पऱ्हाटी उद्योगास द्यावी व तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा जाता शेतकऱ्यास काय उरते, हे आधी पाहावे.

इंधन नवीकरणीय आहे एवढ्यानेच ते न्याय्य ठरत नाही. ज्याच्या शेतातून कच्चा माल येतो, त्याच्या घरातील चूलही पेटती राहिली पाहिजे.