सह्याद्रीचं वय नक्की किती? दगडातल्या घड्याळाची गोष्ट

(या भागाचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा आला तर ऐका.)

आजचा भाग मी ओतूरहून करतोय. इथे मांडवीच्या काठावर उभं राहून पश्चिमेला बघितलं की माळशेजच्या बाजूचे डोंगर दिसतात. कल्याण रस्त्याने घाटापर्यंत गेलं की जमीन एकदम संपते आणि खाली कोकण. तिथे सेल्फी काढताना एक प्रश्न हमखास निघतो, "हा डोंगर किती जुना असेल रे?"

मोबाइलवर शोधलं की उत्तर येतं, साधारण ६.६ कोटी वर्षं. उत्तर बरोबर आहे, पण ते डोंगराचं वय नाही. ते दगडाचं वय आहे. आजचा सगळा भाग या एका फरकावर आहे.

घड्याळ चालू कधी होतं?

आधी दगडाचं वय काढतात कसं ते बघू. काही खनिजांमध्ये पोटॅशियम असतं. त्यातला अगदी थोडा भाग किरणोत्सारी असतो, त्याला पोटॅशियम-४० म्हणतात. तो हळूहळू मोडतो आणि त्यातून आर्गॉन नावाचा वायू तयार होतो. वेग किती? निम्मा पोटॅशियम-४० संपायला सुमारे १२५ कोटी वर्षं लागतात. म्हणजे अतिशय संथ, पण ठरलेला वेग.

आता गंमत बघा. खनिज खूप तापलेलं असेल तर हा आर्गॉन निसटून जातो. ते थंड झालं की वायू आत अडकतो आणि साठायला लागतो. स्टॉपवॉचसारखंच आहे हे. उष्णता म्हणजे रीसेटचं बटण आणि थंड होणं म्हणजे स्टार्टचं. त्यामुळे असं घड्याळ सांगतं ते "दगड कधी जन्मला" हे नाही, तर "दगड शेवटचा कधी थंड झाला" हे.

प्रत्येक खनिजाचं बटण वेगळ्या तापमानाला दाबलं जातं. काळ्या अभ्रकाचं आर्गॉन घड्याळ साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास चालू होतं. अ‍ॅपेटाइट नावाच्या खनिजाची पद्धत वेगळी. त्यातलं युरेनियम फुटतं तेव्हा स्फटिकात बारीकसा ओरखडा पडतो, सुरुवातीला साधारण १६ मायक्रॉन लांबीचा. म्हणजे केसाच्या जाडीचा पाव भाग. आम्ल लावून सूक्ष्मदर्शकाखाली हे ओरखडे चक्क मोजतात. सुमारे ११० अंशांच्या वर ते पुसले जातात आणि ६० ते ११० अंशांच्या दरम्यान आखूड होतात. म्हणून ओरखड्यांच्या संख्येवरून वेळ कळते आणि लांबीवरून दगड झपाट्याने थंड झाला की रेंगाळत, तेही कळतं.

थंडपणाचा डोंगराशी काय संबंध?

जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान ढोबळमानाने २५ ते ३० अंशांनी वाढतं. म्हणजे ११० अंश म्हणजे तीन-चार किलोमीटर खोली. तो दगड आज तुमच्या हातात असेल तर वरचं तेवढं ओझं झिजून वाहून गेलं, असा त्याचा अर्थ.

हिमालयात ही पद्धत जबरदस्त चालते. नंगा पर्वताच्या पायथ्याशी अ‍ॅपेटाइटचं वय १० लाख वर्षांपेक्षाही कमी येतं. तो दगड काही कालपरवाचा नाही. पण तो एवढ्या अलीकडे किलोमीटरभर खोल, गरम होता आणि भराभर वर आला. डोंगर उचलला जातोय, सिंधू नदी कापतेय, खालचा दगड वर येतोय.

इथे एक काळजी घ्यायची. घड्याळ उंची मोजत नाही, वरचा थर कधी झिजला ते मोजतं. डोंगर उचलला गेला पण झीज झाली नाही, तर घड्याळाला पत्ताही लागत नाही.

मग आपल्या सह्याद्रीचं काय?

आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, लाव्हाच्या थरांवर थर. लाव्हा जमिनीवर आला आणि तिथेच थंड झाला. त्याचं घड्याळ तेव्हाच चालू झालं. त्यामुळे या थरांची वयं फार नेमकी काढता येतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एकाच अंकात दोन गटांचे निबंध आले. एका गटाने थरांमधल्या झिरकॉन स्फटिकांतलं युरेनियम आणि शिसं मोजलं, दुसऱ्याने लाव्हातला आर्गॉन. दोघांच्या मते बहुतेक लाव्हा साधारण १० लाख वर्षांच्या आत ओतला गेला. कोणता उद्रेक नक्की कधी मोठा झाला, यावर मात्र त्यांचं जमलं नाही.

पण हा पश्चिमेचा कडा कधी तयार झाला? बेसॉल्ट गप्प बसतो, कारण तो थंड झाला तो झालाच. मग शास्त्रज्ञ दक्षिणेकडे गेले, जिथे बेसॉल्ट संपतो आणि खालचे फार जुने खडक उघडे पडतात. तिथल्या अ‍ॅपेटाइटमध्ये किनाऱ्याच्या पट्ट्यातली वयं कमी आणि पठारावरची जास्त निघाली. म्हणजे कड्याखाली झीज जास्त झाली, माथ्यावर कमी.

दुसरा पुरावा मँगनीजचा. जमीन दीर्घकाळ पावसापाण्यात कुजत राहिली की जांभ्यासारख्या थरांत पोटॅशियम असलेलं मँगनीजचं खनिज तयार होतं. त्यातही आर्गॉन साठतो. गोव्याच्या सखल भागातल्या आणि कर्नाटकातल्या घाटमाथ्यावरच्या अशा खनिजांवरून २०१६ मध्ये एका फ्रेंच-भारतीय गटाने मांडलं, की सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वी घाटाचा कडा तयार झालेला होता. खालची जमीन तेव्हापासून खालीच आहे आणि वरची वर. म्हणजे हिमालय अजून धावतोय, आपला कडा मात्र केव्हाचाच बसलाय.

घड्याळ चुकतं तेव्हा

आता आपल्या जुन्नर तालुक्यातली गोष्ट. कुकडीच्या काठावर बोरी गाव आहे. तिथे नदीच्या गाळात पांढरट ज्वालामुखी राखेचा थर सापडला. आपल्याकडे तर एवढ्यात ज्वालामुखी नाही. राख आली सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, हजारो किलोमीटर उडत. आणि त्या राखेच्या सोबतीने आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या. म्हणजे राखेचं वय कळलं की आपल्या खोऱ्यात माणूस कधीपासून आहे ते कळणार. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी इथे बरीच वर्षं काम केलं.

वय किती निघालं? १९८९ मध्ये १४ लाख वर्षं. १९९५ मध्ये ६.७ लाख. आणि राखेच्या काचेची रासायनिक घडण तपासणाऱ्यांनी सांगितलं, ही टोबाच्या शेवटच्या महास्फोटाची राख, म्हणजे फक्त ७५ हजार वर्षं! २०११ मध्ये आर्गॉनवरून पुन्हा ७ लाखांच्या आसपासचं वय मांडलं गेलं. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही.

एवढा फरक पडू कसा शकतो? टीकाकारांचा मुद्दा समजायला सोपा आहे. राख नदीच्या गाळात पडली आणि गाळ आपल्या बेसॉल्टचा, ६.६ कोटी वर्षांचा आर्गॉन पोटात घेऊन बसलेला. समजा बेसॉल्टमध्ये पोटॅशियम राखेच्या एक दशांश आहे. तरी नमुन्यात शंभराला एक भाग बेसॉल्ट मिसळला, तर ७५ हजारांचं वय जवळपास दुप्पट दिसेल. शंभराला दहा मिसळला, तर ते ७ लाखांच्या पुढे जाईल. बोरीत असंच झालं असं मी म्हणत नाही, मी फक्त गणित दाखवतोय. चिमूटभर जुनी धूळ आणि माणसाचा इतिहास लाखो वर्षांनी मागे.

म्हणून मंडळी, उद्या कुणी ग्रुपवर फॉरवर्ड टाकला की "अमुक डोंगर इतक्या कोटी वर्षांचा", तर दोन प्रश्न विचारा. कुठल्या खनिजाचं घड्याळ? आणि ते कुठल्या घटनेपासून मोजतंय: दगड थंड झाल्यापासून, वरचा थर झिजल्यापासून, की माती कुजल्यापासून? माळशेजच्या त्या कड्यावर उभं राहाल तेव्हा तुमच्या पायाखालचा दगड ६.६ कोटींचा असेल आणि समोरची दरी त्याहून बरीच लहान. दोन्ही खरं आहे.

प्रश्न असतील तर नेहमीसारखे व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोवर घाटात गाडी हळू चालवा!